साडेतीन स्टार: प्राण्यांचा ट्रस्टचा दवाखाना आणि वरच्या मजल्यावरचा कायदा मदत कक्ष

आधीच सांगते, दवाखान्याचं नाव लिहीत नाहीये. आमची केस कोर्टात आहे आणि समोरच्या माणसाचा वकील काय काय वाचत असतो देव जाणे. पुण्याच्या बाहेरच्या अंगाला आहे एवढं पुरे. खाली ओपीडी आणि वर पत्र्याची एक खोली, तिथे दर शनिवारी दुपारी दोनतीन वकील पोरं-पोरी फुकट बसतात, प्राण्यांना मारहाण, विष घालणं, उकळतं पाणी टाकणं असल्या केसेससाठी. मी तीन महिने या दोन्ही ठिकाणी खेटे घातलेत, त्यामुळे चांगलं वाईट दोन्ही लिहिणार आहे, लांबलंय जरा.

चिंगी आमच्या सोसायटीची कुत्री. म्हणजे कुणा एकाची नाही, वॉचमनच्या केबिनच्या मागे झोपणारी, बदामी रंगाची, नसबंदी झालेली, कानाला खाच. एका रविवारी सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन येत होते तर पार्किंगमधून असा काही आवाज आला की मला आधी वाटलं लहान मूल पडलं. आमच्याच एका विंगमधला माणूस, हातात नळाचा लोखंडी पाइप, आणि चिंगी भिंतीला चिकटलेली. कारण काय तर गाडीच्या सीटवर बसून सीटकव्हर फाडलं. तीनशे रुपयाचं सीटकव्हर. मला बघून पाइप खाली ठेवला आणि म्हणाला काही नाही हो मॅडम, हाकलत होतो.

सात वीसला दवाखान्याच्या नंबरवर फोन लावला, चौथ्यांदा उचलला. अँब्युलन्स आली पावणेअकराला. एक स्टार इथेच कापलाय मी. एकच गाडी आणि अख्खा भाग, कळतं मला, पण तीन साडेतीन तास ते जनावर थरथरत पडलं होतं आणि सोसायटीतला जो तो डॉक्टर झालेला, एक काका हळदीचं दूध घेऊन आले, दुसऱ्यांना पट्टी बांधून पाय सरळ करायचा होता. फोनवरच्या मुलीला मात्र मानलं. तिने तेव्हाच सांगितलं की घरातली दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका, माणसांच्या काही गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या असतात, आणि दुसरं म्हणाली जखम धुवायच्या आधी फोटो काढा, शेजारी पट्टी नाहीतर नाणं ठेवून, आणि तो पाइप कुठे पडलाय त्याचाही काढा. मला त्या क्षणी रागच आला होता तिचा, इथे जीव जातोय आणि ही फोटो काढायला सांगते. आज त्या फोटोंवरच केस उभी आहे.

डॉक्टर तरुण आहेत, बोलणं कमी. चिंगीचा मागचा पाय उलटा लोंबत होता आणि हे गृहस्थ पुढच्या पंजाची नखं बघत बसले. एकेक नख टॉर्च मारून. मी न राहवून म्हटलं अहो डॉक्टर पाय मोडलाय तिचा, नखं काय बघताय. तर म्हणाले, उद्या तो माणूस म्हणणार कुत्रीला गाडीने उडवलं. गाडीने उडवलेलं कुत्रं डांबरावर घासत जातं, जीव वाचवायला नखं रोवतं, नखांची टोकं झिजून चिरफाळतात, अंगात खडी माती घुसते, कातडी खरवडते. हिची नखं बघा, शाबूत. आणि पाठीवरचे हे तीन सुजलेले वळ बघा एकमेकाला समांतर, गाडी असं मारत नाही. मग एक्सरे काढला आणि त्यात अजून एक गोष्ट निघाली, दोन बरगड्या आधी कधीतरी मोडून आपल्या आपण जुळलेल्या. म्हणजे पहिल्यांदा मार खाल्ला नव्हता तिने. कोणी मारलं होतं ते आता कळणार नाही.

हा अर्धा तास म्हणजे या दवाखान्याचा खरा माल आहे. मी आयुष्यभर बँकेत कागद तपासलेत, कागद कुणी मनापासून केलाय ते मला लगेच कळतं.

आता दाखल्याची गंमत. पहिला दाखला हातात आला तो दीड ओळीचा, उजव्या मागच्या पायाला फ्रॅक्चर, उपचार चालू. सही शिक्का. मी तोच घेऊन वर गेले शनिवारी, तर तिथल्या वकील ताईने वाचला आणि परत खाली पाठवला. म्हणाली या कागदावर पोलीस एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करतील आणि घरी पाठवतील. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण सगळे जे टीव्हीवर बघून म्हणतो ना की शिक्षा वाढवा, त्याच्या कितीतरी आधी केस मरते.

तिने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध जो कायदा आहे तो १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये मारणं, छळणं, उपाशी ठेवणं, जास्त ओझं लादणं सगळं येतं, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० रुपये ते ५० रुपये. हो, बरोबर वाचलंत. आपण लग्नात आहेराच्या पाकिटात सुद्धा ५१ टाकतो, कायदा एक रुपया कमीच घेतो. तीन वर्षांत परत तसंच केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण नुसता दंड कमी एवढंच दुखणं नाही, त्यातली बरीचशी कलमं अदखलपात्र आहेत. म्हणजे पोलिसांनी नुसती नोंद करायची, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करायचा नाही. आणि त्या कायद्याखाली खटला भरायला मुदत तीन महिन्यांची, ती गेली की संपलं. आपल्याकडे तीन महिन्यांत सोसायटीचं पाण्याचं बिल सुटत नाही.

दुसरा रस्ता आहे तो भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, विकलांग करणं किंवा निकामी करणं, याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि दखलपात्र, म्हणजे एफआयआर घ्यावाच लागतो. आधी हेच काम आयपीसीची, म्हणजे जुन्या दंड संहितेची, कलमं ४२८ आणि ४२९ करायची, पण त्यात भानगड अशी की कुत्र्या-मांजरासाठी पाच वर्षांवालं कलम लावायचं तर त्या प्राण्याची किंमत ५० रुपये तरी हवी. रस्त्यावरच्या कुत्रीची किंमत काय आणि ती ठरवणार कोण? १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली आणि त्यात किमतीची अट गेली. (याच संहितेत काही जुनं संरक्षण गळलंय सुद्धा. प्राण्यांशी अनैसर्गिक कृत्य करणाऱ्यावर आयपीसीचं ३७७ लागायचं, त्याच्या जागी नवीन काहीच आलेलं नाही. ताई त्यावर अर्धा तास तावातावाने बोलली, तिचं बरोबरच आहे.)

तर मुद्दा हा की ३२५ लावायचं तर दाखल्यावर विकलांग झाल्याचं वैद्यकीय मत पाहिजे. नुसतं फ्रॅक्चर म्हणजे बरंही होऊ शकतं, मग ती मारहाण झाली, म्हणजे कलम ११, म्हणजे ५० रुपये. डॉक्टरांनी दुसरा दाखला दोन पानी केला. कधी आणली, कोणी आणली, वजन १४ किलो, वळांची लांबी रुंदी, नखं शाबूत, अंगात खडी नाही, बरगड्यांची जुनी मोड वेगळी, आणि शेवटी मत, की बोथट कठीण वस्तूने वारंवार मारल्याने झालेली इजा, ऑपरेशन करूनही पायाची हालचाल पूर्ण येणार नाही. दाखल्याचे २०० रुपये, पावतीसकट. तक्रार एकच, हे डॉक्टरांना माहीत होतं सगळं, तोंडी घडाघडा सांगितलंन मला, मग पहिल्यांदाच का नाही लिहिलं? वर वकील बसवलेत आणि खाली दाखल्याचा साधा छापील नमुना नाही. मी सुचवलं, बघू म्हणाले.

पोलीस स्टेशनचा अनुभव कुठलं ते न सांगता लिहिते. दुपारची वेळ, ठाणे अंमलदार चहा पीत होते, नीट बोलले, बसा म्हणाले. मी सगळं सांगितलं तर म्हणाले, मॅडम कुत्री मेली का? नाही. मग? मग एनसी घेतो ना, समज देतो त्याला बोलावून, एकाच सोसायटीत राहता, उगाच वैर कशाला. मी गप्प बसणार होते खरं तर. पण वकील ताईने ३२५ ची प्रिंट दिलेली होती ती पुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली आणि एका शब्दावर अडकले, आगळीक. कायद्याच्या मराठीत त्या गुन्ह्याला आगळीक म्हणतात. शेजारचा शिपाई हसला, म्हणाला साहेब माझी आजी म्हणायची, कसली आगळीक केलीस रे. मग ते वरिष्ठांना विचारून आले, दाखला वाचला, एक्सरे उजेडाला धरून बघितला आणि गंमत म्हणजे एक्सरे बघितल्यावर त्या माणसाचा चेहरा बदलला. घरात कुत्रं होतं म्हणाले पूर्वी. एफआयआर व्हायला संध्याकाळचे सात वाजले पण झाला. ३२५ आणि जोडीला कलम ११, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११९. प्रत फुकट मिळते, मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि घेतलाच नाही एफआयआर, तर वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी पोस्टाने पाठवायची सोय कायद्यात आहे, त्याचा तयार अर्ज या कक्षात मिळतो, आम्हाला लागला नाही.

सीसीटीव्हीचं मात्र या लोकांमुळेच वाचलं. आमच्या सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात, दहा दिवसांचंच राहतं, मग वरून नवीन रेकॉर्ड होतं. ताईने पहिल्याच फोनवर सांगितलं की आजच्या आज सेक्रेटरीला लेखी पत्र द्या की फुटेज पुसू नका, पोच घ्या, आणि पेनड्राइव्हवर घेताना सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, त्यावर डीव्हीआर सांभाळणाऱ्याची सही पाहिजे. सेक्रेटरी आढेवेढे घेत होते, सोसायटीचं नाव खराब होईल वगैरे. पत्राची पोच मागितल्यावर सरळ झाले. पोच हा शब्द ऐकला की भलेभले सरळ होतात, हा माझा बँकेतला अनुभव.

आमच्याच गल्लीत मागच्या वर्षी एका काकूंचं मांजर विषाने गेलं होतं. त्यांनी रडत रडत तुळशीपाशी पुरलं, फुलं वाहिली. कुणी घातलं हे गल्लीला माहीत होतं पण पोस्टमॉर्टेम नाही, उलटीचा नमुना नाही, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचा नमुना, प्रयोगशाळेत गेला नाही, मग कशावर केस करणार. वकिलांच्या त्या वरच्या खोलीत भिंतीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलाय, पुरू नका, बर्फात ठेवा, आम्हाला फोन करा. तो वाचून मला त्या काकूच आठवल्या.

आता जे मला अजिबात आवडलं नाही ते. एफआयआर व्हायच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या कुणा व्हॉलंटियर पोराने चिंगीचा व्हिडिओ इन्स्टावर टाकला, त्यात त्या माणसाचा चेहरा, गाडीचा नंबर, विंगचं नाव सगळं. मागे रडकं गाणं. दोन तासांत खाली फाशी द्या, ठेचून मारा, याच्या पोरांना पण असंच मारा. त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे हो. ती दोन दिवस शाळेत गेली नाही, आणि तिने काय केलं होतं? वरून त्या माणसाने बदनामीची नोटीस पाठवतो म्हणून धमकी दिली आणि सोसायटीत तोच बिचारा ठरला. मी फोन करून चांगलं सुनावलं, व्हिडिओ काढला त्यांनी, माफी पण मागितली, पण अशा संस्थेत हे ठरलेलं नको का की केस होईपर्यंत चेहरा टाकायचा नाही? दुसरा स्टार अर्धा इथे गेला.

शिक्षा वाढवण्याबद्दल त्या खोलीत दर शनिवारी चर्चा चालते, चहा येतो आणि चर्चा सुरू होते. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये १९६० च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला होता, लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. त्यात अमानुष क्रूरतेला एक ते तीन वर्षं कैद आणि ५० ते ७५ हजार दंड, आणि मारून टाकलं तर पाच वर्षांपर्यंत असं होतं. आला, लोकांनी मतं पाठवली, आणि पुढे सरकलाच नाही. मला जास्त खुपतं ते वेगळंच. माझं माहेर मंचरकडचं, बैलगाडा शर्यती लहानपणापासून बघितलेल्या, घाटातली ती धूळ आणि आरोळ्या अजून कानात आहेत. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंद केल्या, २०१७ ला आपल्या विधिमंडळाने याच १९६० च्या कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली. त्या दुरुस्तीत शर्यतीचे नियम मोडून बैलाला त्रास दिला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. चांगलंच आहे. पण बघा ना, कायदा तोच, घाटात बैलाला टोचलं तर पाच लाख आणि पार्किंगमध्ये कुत्रीला पाइपने झोडपलं तर ५० रुपये. म्हणजे मनात आणलं तर आकडा बदलता येतो. आमच्या बाबांना सांगितलं तर म्हणाले, बैलामागे मतं असतात गं.

ताईचं मत थोडं वेगळं. ती म्हणते दंड वाढलाच पाहिजे, पण त्याआधी कलम ११ दखलपात्र करा, तपासच होणार नसेल तर ५० रुपये काय आणि ५० हजार काय. तीन महिने घालवल्यावर मला तिचं पटलंय.

खर्चाचं सांगते कारण सगळे विचारतात. केसपेपर ५०, एक्सरे ६००, प्लेटचं ऑपरेशन आणि आठ दिवस ठेवणं मिळून साधारण साडेसोळा हजार, बाहेर दुप्पट सांगितले होते. सोसायटीत वर्गणी काढली, अकरा घरांनी दिली, ज्यांनी दिली त्यात दोन घरं अशी की ज्यांना कुत्री आवडत नाहीत, ते म्हणाले आवडत नाही म्हणजे पाय मोडावा असं नाही. कायदा कक्षाचं शुल्क शून्य, फक्त झेरॉक्स आपला आपण. वेटिंगमध्ये कुत्री मांजरं एकत्र बसवतात, मांजर घेऊन जाणाऱ्यांनी पिशवी किंवा पिंजरा न्याच, त्या दिवशी एक बोका पंख्यावर चढायच्या बेतात होता. संडास अस्वच्छ. स्टाफ मायेचा, पण सगळं व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर चालतं, लेखी काही मागितलं की चार दिवस.

सध्याची स्थिती अशी की पोलिसांनी सरकारी दवाखान्याच्या पशुवैद्यांचं पण मत घेतलं, त्यांनी एक्सरे बघून तेच लिहिलं, दोषारोपपत्र गेलंय. ३२५ जामीनपात्र आहे त्यामुळे तो माणूस त्याच दिवशी घरी आला, लिफ्टमध्ये भेटतो, मी बटण दाबते, तो मोबाइलमध्ये बघतो. मिटवून टाका म्हणून दोनदा निरोप आला, एकदा मिठाईसकट. मिठाई वॉचमनला दिली.

चिंगी तीन पायांवर पळते आणि चौथा अधूनमधून टेकवते, पाइपचा नाही पण झाडूचा आवाज आला तरी केबिनखाली घुसते. प्लेट काढायला पुढच्या महिन्यात परत जायचंय. जाणाऱ्यांसाठी, ओपीडी बुधवारी बंद असते आणि हे बोर्डावर लिहिलेलं नाही, पार्किंग नाही, रिक्षाने जा, आणि रिक्षावाल्याला कुत्रं आहे हे आधी सांगा.